बडोद्याच्या मुली मैदानावर: खंडेराव मार्केटच्या परिसरातून एक टिपण

मंडळाच्या एका बैठकीत मी खंडेराव मार्केट आणि दांडिया बाजार या परिसरातल्या तालमी, पैलवान आणि जिमखाने यांच्यावर बोललो. बोलणं संपल्यावर एका सभासद ताईंनी विचारलं, "हे सगळं ठीक, पण तेव्हा मुली कुठे खेळत होत्या?" माझ्या कागदांत त्याचं उत्तर नव्हतं. हे टिपण त्या प्रश्नातून तयार झालं आहे.

आधी एक सांगून ठेवतो. मी पेशाने अभियंता, इतिहास घरी बसून शिकलेला. त्यामुळे एखादी इमारत का उभी राहिली असं कुणी विचारलं, की माझं डोकं पहिल्यांदा पाया, माल आणि मजूर यांच्याकडे जातं. उद्घाटनाच्या भाषणाकडे नंतर. मुलींच्या खेळाकडेही मी तसंच पाहिलं. मुलगी मैदानावर यायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. खेळायला मोकळं असं वय हवं, घरच्यांना चालेल अशी जागा हवी आणि कुणी "कुठे होतीस?" असं विचारणार नाही अशी वेळ हवी. उत्तेजन, बक्षिसं, भाषणं यांचा नंबर त्यानंतर लागतो. या तिन्ही गोष्टी बडोद्यात कशा जुळत गेल्या, तेवढंच इथे मांडतो.

मार्केटच्या नावातला राजा

खंडेराव मार्केटची इमारत १९०६ ची. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षं होत होती, त्या निमित्ताने ती बांधून त्यांनी शहराच्या नगरपालिकेला दिली. दत्तक येण्याच्या नात्याने खंडेराव महाराज त्यांचे वडील. १८७० साली खंडेराव वारले, १८७५ साली त्यांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळराव दत्तक घेतला आणि तोच पुढे सयाजीराव झाला. आज या इमारतीत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे, आणि आवारात भाजीचा नि फुलांचा बाजार भरतो. सकाळी झेंडूच्या टोपल्यांमधून वाट काढत नकाशा मंजुरीच्या कामाला जाणारी माणसं दिसतात. मीही त्यांतला एक होतो, बरीच वर्षं.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या नावात एक गंमत आहे. खंडेराव महाराज शिकारीचे आणि कुस्तीचे विलक्षण शौकीन. पाणीगेटकडच्या अग्गडात हत्तींची साठमारी चालायची, ती बघायला अख्खं शहर लोटायचं. लुई रूसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात त्यांच्या दरबारी पाहुणा होता. त्याने बडोद्यात पाहिलेल्या "नखीच्या कुस्ती"चं वर्णन लिहून ठेवलं आहे. हाताला शिंगाची नखं बांधून पैलवान एकमेकांना ओरबाडत, आणि ते रक्ताने माखेपर्यंत खेळ चाले.

म्हणजे त्या काळात खेळ ही बघायची गोष्ट होती. दरबाराने पोसायचं, पैलवानांनी लढायचं आणि रयतेने टाळ्या वाजवायच्या. स्वतः रयतेने, तिच्या मुलांनी, त्यातही मुलींनी खेळावं हा विचार त्या व्यवस्थेत बसतच नव्हता.

या काळाच्या खुणा ठसठशीत आहेत. सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक मोठा दगड ठेवला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो उचलला, अशी त्याची नोंद आहे. वजन १२०० किलो सांगतात. शाळांच्या सहली आल्या की मुलं त्या दगडाभोवती गर्दी करतात. ताकदीच्या खेळांमागे असा दगड उरतो. फुगडीमागे काही उरत नाही. मुलींच्या खेळाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण ही येते, आणि म्हणून तो कायदे, नियमावल्या नि माणसांच्या आठवणी यांतून गोळा करावा लागतो.

पहिली गोष्ट: वय

मार्केट ज्या साली उभं राहिलं त्याच १९०६ साली सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण संपूर्ण राज्यात सक्तीचं आणि मोफत केलं. त्याआधी १८९३ पासून अमरेली तालुक्यातल्या दहा गावांत त्याचा प्रयोग चालू होता. कायद्यातलं वय मात्र नीट बघण्यासारखं आहे. मुलग्यांसाठी सात ते बारा वर्षं, मुलींसाठी सात ते दहा.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९०४ साली, बडोदे राज्याने बालविवाह प्रतिबंधक कायदा केला. लग्नाचं किमान वय मुलीसाठी बारा, मुलासाठी सोळा. रीतसर परवानगी काढून त्याआधीही लग्न लावता येत असे.

हे दोन कायदे शेजारी ठेवून हिशेब मांडला. ज्या राज्याने मुलींसाठी त्या काळातला सर्वांत पुढचा कायदा केला, तिथेही कागदावर मुलीच्या वाट्याला शाळेची तीन सक्तीची वर्षं आणि त्यानंतर लग्नापर्यंतची दोन, एवढाच काळ आला. बाराव्या वर्षानंतर ती कुणाची तरी सून. सुनेने अंगणात लंगडी घालायची ही कल्पनाही कुणाला सुचली नसती. मुलगा ज्या वयात तालमीची माती अंगाला लावायला सुरुवात करतो, त्या वयात मुलीचं खेळणं संपत होतं.

पुढचे आकडेही याच ओळीत मांडता येतात. १९२९ च्या सारडा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मुलीच्या लग्नाचं वय चौदा झालं, स्वातंत्र्यानंतर १९४९ साली पंधरा आणि १९७८ साली अठरा. खेळाच्या इतिहासाच्या पुस्तकांत हे आकडे सहसा सापडत नाहीत, ते समाजसुधारणेच्या प्रकरणात असतात. माझ्या मते ते खेळाच्या प्रकरणातही यायला हवेत. कबड्डी, खो-खो, धावणं यांत शरीर खरं तयार होतं ते चौदा ते बावीस या वयात. तेवढी वर्षं मुलीच्या हातात नसतील, तर जगातला सर्वांत चांगला प्रशिक्षक आणूनही उपयोग नाही.

वय वाढवून देण्याचं काम शाळा-कॉलेजांनीही केलं. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता, बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात "सर्व पुरुष" ऐवजी "सर्व मानव" असा शब्दप्रयोग आणायला लावणाऱ्या त्या याच. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा विद्यापीठाच्या सर्वोच्च जागी स्त्री बसली, हे तेव्हा देशात प्रथमच घडलं. सतरा-अठरा वर्षांची मुलगी पुस्तकं छातीशी धरून रोज घराबाहेर पडते, हे दृश्य त्यानंतर हळूहळू बडोद्याच्या पोळांना आणि वाड्यांना सवयीचं झालं. मैदानापर्यंत जाण्याचा रस्ता त्याच सवयीतून निघाला.

दुसरी गोष्ट: जागा

मार्केटपासून चालत दांडिया बाजाराकडे गेलं की प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा लागतो. जुम्मादादा या उस्तादाच्या तालमीचा वारसा त्यांचे शिष्य गजानन यशवंत तांबे ऊर्फ माणिकराव यांनी पुढे नेला आणि गुरूचं नाव देऊन जुम्मादादा व्यायाम मंदिर वाढवलं. सयाजीरावांनी त्यांना "राजरत्न" ही पदवी दिली. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकून गेलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून लोणावळ्याच्या कैवल्यधामामुळे जगभर माहीत झाले. हाडवैद्य म्हणूनही माणिकरावांची ख्याती मोठी. १९५४ साली ते वारले.

माणिकरावांचं जे काम मला या विषयात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे सांघिक व्यायाम. शेकडो मुलांना रांगेत उभं करून एका हुकुमावर कवायत करून घ्यायची, आणि हुकूमही इंग्रजीतले न वापरता आपल्या भाषेतले घडवायचे, ही पद्धत त्यांनी बसवली. कुणी म्हणेल, याचा मुलींशी काय संबंध? माझं म्हणणं असं.

जुनी तालीम ही चार भिंतींच्या आतली जागा. लाल माती, मारुतीची मूर्ती, लंगोट, तेल, उस्ताद आणि एकास एक झोंबी. मुलीला तिथे पाऊल टाकायलाही वाव नव्हता. रांगेतल्या कवायतीला, लेझमीला यातलं काही लागत नाही. मोकळी जागा लागते, अंगभर कपडे चालतात, कुणाच्या अंगाला अंग लागत नाही आणि आईबापांना सगळं बाहेरून दिसतं. व्यायाम तालमीच्या दारातून बाहेर पडून उघड्यावर आला, तेव्हा मुलींसाठी जागा ठेवावी असं कुणी ठरवलं नसेलही, पण जागा झाली. शाळेच्या पटांगणात लेझीम धरलेल्या मुलींची रांग आज आपल्याला इतकी साधी वाटते, की तिच्यामागे हा बदल आहे हे विसरायला होतं.

कारेलीबागेतल्या आर्य कन्या महाविद्यालयाने हीच गोष्ट ठरवून आणि पुढे जाऊन केली. पंडित आनंदप्रियांच्या नावाशी जोडलेल्या या संस्थेत शरीरशिक्षण हा मुलींच्या शिक्षणाचाच भाग होता, आणि तिथल्या मुली लाठीसुद्धा फिरवत. राजवाड्यातूनही अनुकूल वारं होतं. महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) स्वतः शिकार करणाऱ्या. स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि १९२७ साली पुण्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

आता जिमखान्याकडे येतो. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याचं नाव मराठी खेळांच्या इतिहासात दोन ठिकाणी येतं. १९२३ साली बडोद्यात हुतूतूचे अखिल भारतीय सामने झाले, आणि १९२४ साली खो-खोची नियमावली बडोद्यातून निघाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम १९१४ च्या सुमारास बांधायला घेतले होते, आणि बडोद्याने त्यात आपली भर घातली. याच शहरात दत्तात्रय चिंतामण करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. पहिला १९३६ चा, शेवटचा १९४९ चा. एका संस्थानी शहरात, मराठीत, व्यायामावर दहा खंड!

नियम छापल्याने काय झालं? गल्लीत खेळला जाणारा खेळ मोजलेल्या चौकटीत आला. किती खेळाडू, किती वेळ, रेषा कुठे, बाद केव्हा हे सगळं ठरलं. नियम असले की पंच येतो, आणि पंच आला की भांडण, धक्काबुक्की आटोक्यात राहते. मुलीला खेळायला पाठवताना बापाच्या मनात जी धास्ती असते, तिच्यावर छापील नियमांइतकं चांगलं औषध दुसरं नाही. शिवाय खो-खोत बसायचं, उठायचं, पळायचं आणि पाठीला हात लावून खो द्यायचा. हुतूतूसारखी पकडापकड नाही. मुलींच्या शाळांनी आधी खो-खो का उचलला, याचं कारण मला यात दिसतं.

त्याच काळात बाहेरच्या जगात काय चाललं होतं तेही पाहू. १९२१ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या मैदानांवर स्त्रियांना खेळायला बंदी घातली, ती जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यत संपल्यावर धावणाऱ्या मुली कोसळल्या असा वर्तमानपत्रांनी गवगवा केला, आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून गायब झाली. पुरुष धावपटू कोसळला तर त्याने जीव ओतला म्हणायचं आणि बाई दमली तर तिला झेपत नाही म्हणायचं, हा न्याय तिकडेही होताच. बडोद्याला मागासलेलं ठरवण्याचं कारण नाही, आणि फार पुढारलेलं म्हणून मिरवण्याचंही.

तिसरी गोष्ट: वेळ

मुलींच्या खेळाचा विचार करताना आपण आखाड्यांपासून सुरुवात करतो, कारण त्यांची कागदपत्रं मिळतात. पण मराठी घरांत मुली आणि बायका खेळतच होत्या. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगडी, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, आश्विनात भोंडला, एरवी लंगडी, ठिकरी, सागरगोटे, दोरीच्या उड्या. दोन्ही पायांवर बसून कोंबडा घालत घरभर फिरून बघा, म्हणजे मांड्यांना काय लागतं ते कळेल. बसफुगडी घालणाऱ्या बाईचा तोल आणि दम कुठल्याही जिम्नॅस्टच्या तोडीचा असतो. बडोद्याच्या मराठी वाड्यांनी हे सगळं आपल्याबरोबर आणलं, आणि शेजारी गुजराती पोळांत गरबा होताच.

या खेळांना कुणाची हरकत का नव्हती? कारण त्यांची वेळ पंचांगाने ठरवून दिलेली होती. मंगळागौर म्हटली की लग्न झालेली मुलगीसुद्धा रात्रभर खेळणार, आणि सासूच तिला म्हणणार, "खेळ गं!" नवरात्र म्हटलं की तरुण मुली नऊ रात्री बाहेर असणार. परवानगी मुलीने मागायची नसते, ती सणाबरोबर आपोआप येते. सण संपला की परवानगीही संपते. नऊ रात्री मिळालेलं स्वातंत्र्य उरलेल्या ३५६ दिवसांत कुठे जातं, हा प्रश्न बडोद्याइतका दुसऱ्या कुठल्या शहरात टोचणार नाही.

जिमखाना आणि शाळा यांनी खरी भर घातली ती इथे. सणाची परवानगी त्यांनी रोजच्या संध्याकाळची केली.

माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, आता पंच्याहत्तरीच्या. दांडिया बाजाराजवळच्या वाड्यात वाढल्या आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी खो-खो खेळल्या. त्यांना मी विचारलं, घरून परवानगी कशी मिळाली? त्या हसल्या आणि वडिलांच्या पिशवीबद्दल बोलू लागल्या. वडील संध्याकाळी खंडेराव मार्केटला भाजीला निघत, तेव्हा दोघी बहिणींना सायकलवरून बरोबर घेत. वाटेत मुलींना मैदानावर सोडायचं, मार्केटात चार ठिकाणी भाव करत भाजी घ्यायची आणि परतताना मुलींना उचलायचं. पिशवी भरेपर्यंत सराव. पुढे सामने जवळ आले तशी वडिलांची भाजी निवडायला जास्त जास्त वेळ लागू लागला, असं त्या सांगतात. आजीने एकदा विचारलं म्हणे, "दोन जुड्या मेथीला दीड तास?" त्यावर वडील म्हणाले, गर्दी होती.

हा किस्सा ऐकल्यावर मला तीन गोष्टींचं सूत्र पक्कं वाटू लागलं. मुली शाळेत होत्या, म्हणजे वय मोकळं होतं. मैदान रोजच्या रस्त्यावर होतं. आणि बापाने बाजाराच्या वेळेत खेळाची वेळ बेमालूम बसवली होती. त्या घरात स्त्रीमुक्तीवर कधी चर्चा झाली नाही. लग्नानंतर खेळ सुटला, तेही त्या सहज सांगून जातात. तिथे मात्र मी थोडा थांबतो. ज्या घरात खेळ इतक्या प्रेमाने लपवून जपला, तिथेही लग्नाच्या पलीकडे तो न्यावा असं कुणाला वाटलं नाही.

फळ

या सगळ्याचं फळ लवकरच दिसलं. १९६१ साली कोल्हापूरला स्त्रियांची पहिली राष्ट्रीय खो-खो स्पर्धा झाली. १९७० साली खो-खोसाठी पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो आपल्या सुधीर परबांना. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, गुजरातच्या अचला देवरे हा पुरस्कार मिळवणाऱ्या खो-खोतल्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७३ साली पुन्हा गुजरातच्याच भावना परीख. महाराष्ट्राचा म्हणून ओळखला जाणारा खेळ, आणि त्यातल्या सर्वोच्च मानाची पहिली बाई गुजरातची. बडोद्याचं १९२४ आणि हे १९७१ यांच्यामध्ये सत्तेचाळीस वर्षं आहेत. नियम छापल्यापासून मुलीच्या छातीवर पदक लागेपर्यंत साधारण दोन पिढ्या गेल्या.

आजचं चित्र मोठं झालं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. क्रिकेटमध्ये राधा यादव आणि यास्तिका भाटिया या बडोद्याच्या संघातून भारताच्या संघात गेल्या. राधाचे वडील मुंबईला कांदिवलीत रस्त्याकडेला छोटा ठेला चालवून घर चालवत, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलं आहे. प्रियांका काय, राधा काय, कुणीतरी घरचं रोज वेळ काढत असणार, त्याशिवाय मुलगी तिथवर पोचत नाही.

सतरा-अठरा गाड्यांची जागा

शेवटी माझ्या धंद्यातला एक हिशेब. आजच्या नियमांप्रमाणे खो-खोचं मैदान साधारण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, म्हणजे ४३२ चौरस मीटर. नगरनियोजनात उघड्या पार्किंगसाठी एका मोटारीमागे, ये-जा धरून, २३ चौरस मीटर धरतात. भागाकार केला तर अठराच्या आसपास गाड्या. दोन खांब, चुन्याची फक्की आणि एक शिट्टी एवढ्या सामानात एका वेळी दोन्ही बाजू मिळून वीस-पंचवीस मुली खेळू शकतात. अठरा गाड्या उभ्या करायच्या की पंचवीस मुली पळवायच्या, हा निर्णय प्रत्येक प्रभागात कुणीतरी रोज घेत असतं, बहुतेक वेळा नकळत. आणि बडोद्यात तो ज्या इमारतीतून घेतला जातो तिचं नाव खंडेराव मार्केट.

मैदान शहराबाहेर मोठ्या संकुलात असलं की मुलगा सायकल काढून जातो. मुलीला पोचवायला माणूस लागतं, आणि ते माणूस संध्याकाळी रिकामं नसतं. बारा-तेराव्या वर्षी मुली खेळ सोडतात तेव्हा आपण म्हणतो, तिला आवडच राहिली नाही. बाराव्या वर्षी लग्न लावून देणारा काळ गेला, कायद्याने अठरा वर्षं दिली. वयाचा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी बराचसा सोडवून ठेवला आहे. जागा आणि वेळ यांचा आपल्याकडे बाकी आहे. पोळीच्या तोंडाशी, वाड्याच्या मागे, शाळेच्या बंद फाटकाच्या आत जे पटांगण आहे, ते संध्याकाळी दोन तास उघडं राहिलं तरी पुष्कळ होईल. सोबत दोन वडीलधारी माणसं भाजीची पिशवी घेऊन कट्ट्यावर बसलेली असली, की आणखी काही नको.

आपल्या मंडळाला मात्र एक वेगळं काम आहे, आणि त्याला घाई आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत बडोद्यात खो-खो, कबड्डी, लेझीम खेळलेल्या मुली आज सत्तरीत, पंच्याहत्तरीत आहेत. त्यांची प्रमाणपत्रं ट्रंकेत आहेत, संघाचे फोटो अल्बमच्या मागच्या पानांवर आहेत आणि कोण कुठे उभी आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे. वाचकांनी आपापल्या आईला, आत्याला, मावशीला, शेजारच्या काकूंना बसवून चार गोष्टी विचाराव्यात: मैदान नेमकं कुठे होतं, खेळायला काय घालत होतात, किती वाजता घरी परतायचं असायचं आणि खेळ कोणत्या वर्षी सुटला. फोटोच्या मागे पेन्सिलने नावं लिहून घ्यावीत, माहेरची आणि सासरची दोन्ही. जुन्या संघांच्या याद्यांत माहेरची नावं असतात आणि आज त्या बाईंना शोधायचं तर सासरचं नाव लागतं. अशी वीस-पंचवीस घरं मिळाली, तर दांडिया बाजार ते खंडेराव मार्केट या पट्ट्याचा एक नकाशा मी स्वतः काढून देतो. त्यावर तालमी आणि जिमखान्यांच्या जोडीला मुली जिथे खेळल्या त्या जागाही असतील.